लाभाचा शेर

दगडाबाईंच्या मोरावळ्याची कृती दोनच शब्दांची होती, "शेराला शेर." शेराचं माप भरून आवळे, तेच माप भरून साखर. युसूफ वडगावात चाळीस वर्षं एवढ्यावर भागलं. पण बचत गटाला केजच्या प्रदर्शनात जागा मिळाली आणि तिथल्या मॅडमनी फर्मान काढलं, बाटलीवर प्रमाण ग्रॅममध्येच छापा.

"कावून?" दगडाबाई भडकल्या. "समदं छापलं तर बाया घरीच करतील. आपली बाटली कोन घील?"

"आत्या, नियम आहे. वजनाचं माझ्यावर सोडा," सून योगिता म्हणाली. बीडमध्ये पाकिटातलं धान्य खाऊन ती बी.एस्सी. झाली होती आणि सासरी ते दाखवायची ही पहिलीच संधी होती. मोरावळा बिघडला असता, तर गटातल्या बायांनी वर्षभर तिची डिग्री चघळली असती.

एकच शेर तोलणं तिला अडाणीपणाचं वाटलं. तीन-चार शेरांची सरासरी काढायची, असं कॉलेजात शिकवलेलं. दगडाबाईंनी शेर भरला, "लाभ!" म्हणत पातेल्यात ओतला. हा देवाच्या नावाचा, मोजायचा नसणार! योगितानं हात जोडले. पुढचं मोजणं त्या तोंडातल्या तोंडात करत. योगितानं त्या पुढच्या एकेका शेराला एकेक रेघ मारली. रेघा तीन झाल्या. पातेल्यातले आवळे दोन किलो चारशे भरले, भागिले तीन, म्हणजे शेराला आठशे ग्रॅम. साखर तिनं स्वतःच मोजली, ती शेराला नऊशे भरली. लेबलं छापून आली: आवळे आठशे, साखर नऊशे.

त्याच हिशेबानं फळवाल्या पाशाकडून सोळा किलो आवळे आले, अठरा किलो साखर पडली. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मोरावळा शिजला. दगडाबाईंनी एक फोड तोंडात टाकली आणि त्यांचा डावा डोळा मिटला तो उघडेचना.

"आंबटढाण!"

योगिताला रडूच कोसळलं. एवढ्यात पाशा रिकामे कॅरेट न्यायला आला.

"भाभी, मापलं कसं, ते तर दाखवा."

दगडाबाईंनी शेर भरला. "लाभ!" योगिताचे हात आपोआप जुळले.

पाशा हसत खालीच बसला. "हात कावून जोडता? ह्योच पैला शेर हाय! आमी बरकत म्हन्तो, मंग दोन, तीन."

"एक म्हनू न्हाई," दगडाबाई म्हणाल्या. "एकावरच ऱ्हातंय मंग."

म्हणजे शेर चार होते. शेराला आवळे आठशे नव्हे, सहाशेच! सोळा किलोला साखर चोवीस किलो हवी होती. सहा किलो साखर धावत आणली, पाक पुन्हा उकळला, मोरावळा झकास जमला. लेबलं बदलायला मात्र वेळ नव्हता, तशीच चिकटवली. बाटल्या पहिल्याच दिवशी संपल्या.

आठ दिवसांनी पाशा खुशीत आला. "मावशी, केजात आवळा उरला न्हाई! बाया लेबल वाचून घरी करायल्यात. लई आंबट व्हायलंय म्हन्त्यात. मावशीच्या हाताची चवच न्यारी म्हनून बाटलीच मागायल्यात."

योगिता लाजेनं लाल झाली. "आत्या, आजच नवी लेबलं छापून आणते."

"खबरदार!" दगडाबाईंनी तिच्या पुढ्यात जुन्या लेबलांचा गठ्ठा ठेवला. "माज्या शिकलेल्या सुनेनं काडलेलं वजन हाय. त्याला चूक म्हननारी म्या कोन?"

योगितानं सासूकडं पाहिलं, पाशाकडं पाहिलं आणि लेबलं मोजायला घेतली.

"लाभ..."