मुकुटवाली पेटी आणि अस्वलाची चिठ्ठी

गोष्ट सांगा, गोष्ट सांगा म्हणून मला इथं आणून बसवलंय. मागच्या खेपेला मधेच "पुरे आता, आजोबा" म्हणत दंड धरून उठवलं होतं. उठवणारा आज पुढच्या रांगेत बसलाय. असू दे. ऐका पोरांनो, आणि मधे शेंगा फोडू नका.

एका जंगलात एक लाल टपालपेटी होती. व्हिक्टोरिया राणीच्या वेळची, ओतीव लोखंडाची, डोक्यावर मुकुट. कावळा रोज दुपारी कुलूप काढून पत्रं न्यायचा.

तिथं भिकोबा नावाचं म्हातारं अस्वल राहायचं. त्यानं जावयाला भर पंगतीत "आयतोबा" म्हटलं, तेव्हापासून लेक नदीपलीकडे रुसून बसलेली. माफी मागायची म्हटली की भिकोबाची जीभ टाळ्याला चिकटायची. शेवटी एका सकाळी त्यानं लिहिलं, "चुकलो. जावयाला घेऊन ये." आणि चिठ्ठी पेटीत टाकली.

तेवढ्यात वारसा समिती आली. अध्यक्ष मोर. सोबत बगळाभटजी.

"असली पेटी आता शोधून सापडायची नाही!" मोर म्हणाला. "पत्रं टाकून टाकून रंग उडवलाय अडाण्यांनी. तोंड बंद करा हिचं!"

"अहो, कावळ्याला येऊ द्या की," भिकोबा म्हणाला. "आत माझी चिठ्ठी आहे."

"मुहूर्त टळेल," बगळा म्हणाला.

नारळ फुटला. हार पडला. पेटीच्या तोंडावर पत्रा ठोकला, कुलपावर लाल रंग फासला, किल्लीचं भोकही बुजलं.

"माझी चिठ्ठी हो!"

"आता तीही वारसाच," मोर म्हणाला. "हवीच असेल तर अर्ज कर. टपालानं पाठव."

जंगलात दुसरी पेटी नव्हती.

पुढं लांबलांबची जनावरं पेटी बघायला आली. एक दिवस लेकही आली.

"एवढी पेटी दारात, बाबा. दोन ओळी टाकवल्या नाहीत?"

"टाकल्या गं. आत आहेत."

"आत? हिला तोंड तरी आहे का!"

भिकोबानं स्वतःचं तोंड उघडलं. जीभ टाळ्याला चिकटली. लेकीनं डोळे पुसले, पेटीपाशी उभं राहून फोटो काढून घेतला आणि नदी ओलांडून गेली.

तात्पर्य: माफी कधी तोंडावर मागू नये, पोरांनो. जपून ठेवावी. जितकी जुनी होईल तितकी तिची किंमत वाढते, मग लोक तिला हारसुद्धा घालतात. पुढच्या रांगेतही अशीच एक जपून ठेवलेली आहे. तिचे मालक, गजाभाऊ मोहिते.