नागाप्पाअण्णांच्या पिक्चरमधली साडी

आमचे शेजारी नागाप्पाअण्णा जेवायला बसले की आधी ताट उजेडाकडे फिरवून घेत. एक डोळा मिटून भाताकडे बघत आणि तो मनासारखा दिसला तरच घास घेत. एकदा आम्ही बेळगावच्या शहापुरात एका मयताला गेलो, तर तिथंही त्यांनी रडणाऱ्या बायकांना हळूच खिडकीकडे सरकवलं. "तोंडावर अंधार पडतोय," मला म्हणाले. "रडलेलं दिसाय नको?"

त्यांचा तरी काय दोष? कोल्हापूरच्या एका फिल्म कंपनीत बारा वर्षं ते मॅनेजर होते. राक्षसांचा नाष्टा, रथाचे बैल, रुसलेली नायिका, सगळं त्यांच्याच गळ्यात. एक दिवस ते नोकरी सोडून गावी आले. म्हणाले, "दुसऱ्याची पिक्चरं लई सांभाळली. आता आपलं काढतो." निर्माता नक्की काय करतो हे आम्हाला ठाऊक नव्हतं. अण्णांना बघून वाटलं, तो फक्त ओरडतो.

शूटिंग उचगावच्या माळावर होतं. मीही होतो, भाला घेतलेला शिपाई. दोन दिवस मी नुसता भाला धरून उभा, कारण साडीवरून भांडण जुंपलं होतं. नायिकेला नेसवायची डाळिंबी साडी, हिरव्या काठाची, अण्णांच्या थोरल्या बहिणीनं, गंगाक्कानं विणलेली होती. कॅमेरामन कळवळून सांगत होता, "अण्णा, डाळिंबी काय आन हिरवं काय, काळ्या-पांढऱ्या पिक्चरात दोनी काळंच पडतं. फिकी पिवळी द्या."

अण्णांना हे माहीत नव्हतं थोडंच! पण ते पडले विणकराच्या घरातले. "शहापूरची साडी हाय," ते म्हणाले. "काळी पडंल व्हय?"

खरं कारण वेगळं होतं. वडील गेल्यावर गंगाक्का मागावर बसली, म्हणून अण्णा कोल्हापूरला जाऊ शकले. आता तिची नजर पार अधू झाली होती. ही तिच्या हातची शेवटची साडी. ती पडद्यावर झळकावी, एवढ्यासाठी या माणसानं अख्खं पिक्चर काढायला घेतलं होतं.

पिक्चर बेळगावात लागलं. दुपारच्या खेळाला आक्का मध्ये आणि आम्ही दोघं दोन बाजूंना बसलो. नायिका आली. साडी काठापासून पदरापर्यंत एकजात काळी. मागून कोणीतरी म्हणालं, "हिच्या घरात कोण गेलंय काय रं?" सगळं थेटर हसलं.

आक्कानं विचारलं, "नागू, काठ दिसतोय का रं?"

"दिसतोय, आक्का. हिरवागार."

आक्कानं माझ्याकडे तोंड वळवलं. मला राहवलं नाही. म्हटलं, "व्हय आक्का, पदरावरचा मोर बी झ्याक दिसतोय."

"मोर काढलाच न्हाय रं मी," आक्का म्हणाली. मग चाचपडत तिनं अण्णांचा हात शोधला, आणि तो धरून शेवटपर्यंत पिक्चर बघत बसली.