गवत रुजेपर्यंत

येलहंक्याच्या पुढे, देवनहळ्ळीच्या रस्त्याला लागून असलेल्या एका खासगी क्लबाच्या गोल्फ कोर्सची नवी रचना १९९६ च्या दिवाळीत पूर्ण झाली, आणि झालेले काम खराब होऊ नये म्हणून कोर्स त्याच दिवशी खेळासाठी बंद करण्यात आला. तसे परिपत्रक म्हैसूरपाकाच्या डब्यासोबत सर्व सदस्यांना घरपोच मिळाले.

पद्मनाभ वैशंपायनांना म्हैसूरपाक खाताखाता ते वाचून ठसका लागला. सरकारी कारखान्यात विमानांचे सुटे भाग तपासण्यात त्यांची हयात गेली होती. क्लबाचे सदस्यत्व कारखान्याच्या कोट्यातले. मार्चअखेर ते निवृत्त होणार होते, आणि त्याच संध्याकाळी सदस्यत्वही संपणार होते. जुन्या कोर्सवर त्यांचा अर्धा वेळ घाणेरीच्या झुडपांत चेंडू हुडकण्यात जाई. आता एका परदेशी तज्ज्ञाने तिथे तळी खोदली होती, टेकड्या उठवल्या होत्या, समुद्रापलीकडून गवत आणून अंथरले होते. या कोर्सवर पहिल्यापासून अठराव्या होलपर्यंत एकच डाव खेळायचा आणि मग खुशाल घरी बसायचे, एवढीच त्यांची इच्छा होती.

"गवत रुजलं की उघडतील," हॉलमध्ये सतरंजीवर बसून ते बायकोला म्हणाले. मागे नवा सोफा होता. नवा म्हणजे मुलगी ईरा शाळेत जायला लागली तेव्हा घेतलेला. ईरा आता पुण्यात नोकरी करत होती आणि सोफ्यावरचे दुकानातले प्लॅस्टिक अजून शाबूत होते.

"गवतच ना ते?" सुचेताबाई म्हणाल्या. "त्याला काय एवढं जपायचं?"

"तुला नाही कळायचं," असे म्हणून वैशंपायन सोफ्याला पाठ लागू नये म्हणून जरा पुढे सरकले.

डिसेंबरात ते क्लबाचे सचिव निवृत्त मेजर मल्हारराव यांना भेटले. मेजर व्हरांड्यात दुर्बीण लावून गवत पाहत होते.

"रुजलं का, मेजरसाहेब?"

"रुजलंय हो. पण वैशंपायन, रुजलेल्या गवतावर कुणी पाय देतं का?"

कमिटी मात्र सदस्यांच्या भावनांची कदर करणारी होती. कोर्स टप्प्याटप्प्याने खुला करण्याचा ठराव झाला. पहिल्या टप्प्यात व्हरांड्यातून दर्शनाची सोय झाली. दुसऱ्या टप्प्यात मोजे घालून चालण्याची मुभा मिळाली, तिसऱ्यात काठी सोबत बाळगण्याची, पण चेंडूविना. वैशंपायनांनी त्या सकाळी हवेत इतके सुंदर फटके मारले की त्यांच्या काठ्यांची पिशवी वाहणारा जुना कॅडी नरसिंह म्हणाला, "सार, आज एकपण बॉल हरवला नाही!"

चौथ्या टप्प्यात चेंडू आला. पण काठीच्या फटक्याने गवताची ढेकळे उडतात, म्हणून प्रत्येक फटका चटईवरून मारावा असे ठरले. चेंडू जिथे पडेल तिथे नरसिंह चटई घेऊन धावायचा आणि "स्वल्प निल्ली सार" असे कानडीत जरा थांबायला सांगत ती अंथरायचा. वाळूच्या खड्ड्यांत पांढरीशुभ्र वाळू होती. तिच्यावर चेंडूचे वळ उठू लागल्यावर खड्ड्यांना ताडपत्री घातली. मग कुणाच्या तरी लक्षात आले की सगळ्या कोर्सवर सर्वांत विद्रूप गोष्ट म्हणजे ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, पाडलेली भोके. अठराच्या अठरा भोके बुजवण्यात आली.

"मग चेंडू जाणार कुठे?" वैशंपायनांनी विचारले.

"जवळपास गेला तरी धरू," मेजर म्हणाले. "खेळाडूच्या सचोटीवर क्लबाचा विश्वास आहे."

त्या आठवड्यात सदस्यांचा खेळ कमालीचा सुधारला. दुर्दैवाने त्याच आठवड्यात दिल्लीहून एक पथक येऊन कोर्सला निष्कलंक सौंदर्याचा चषक देऊन गेले. आता चषक मिळालेल्या कोर्सवर खेळणे म्हणजे चषकाचा अवमान. चारही टप्पे एका ठरावाने मागे घेण्यात आले.

वैशंपायन खवळले. "मेजर, महिन्याभरात मी बाहेर पडतोय! एक डाव, फक्त एक डाव मागतोय मी. भीक घाला हवी तर!"

मेजरांनी त्यांना चहा पाजला आणि तृणसंरक्षण उपसमितीचे निमंत्रक केले. निवृत्तीच्या दिवशी विशेष बाब म्हणून डाव खेळू देऊ, असा शब्दही दिला. निमंत्रकाला गळ्यात अडकवायची शिट्टी होती. सुटे भाग तपासलेल्या डोळ्यांना गवताचे वाकडे पाते लगेच दिसे. वैशंपायन रोज पहाटे येऊन शिट्ट्या फुंकू लागले. पंधरवड्यात कावळेसुद्धा कोर्सवरून जरा उंचावरून जाऊ लागले. शेजारच्या गावाला पाणी एक दिवसाआड येई, गवताला दोन वेळा मिळे. तिथल्या एका म्हातारीची गाय कुंपणात तोंड घालते म्हणून वैशंपायनांनी तिला लेखी समज दिली. म्हणजे गाईला.

अखेरचा दिवस उजाडला. कमिटी व्हरांड्यात खुर्च्या मांडून बसली. भोके उघडली होती, ताडपत्र्या काढल्या होत्या, चटईची अट माफ होती. नरसिंहाने चेंडू ठेवला आणि तो बाजूला झाला.

"सरी सार, मारा."

वैशंपायनांनी काठी उचलली. समोर दव पडलेले हिरवेगार मैदान होते, एक पाते इकडचे तिकडे नव्हते. आयुष्यात इतके सुंदर काही आपल्यासाठी उघडले गेले नव्हते, असे त्यांना मनापासून वाटले. काठी खांद्यामागे गेली आणि हळूच खाली आली.

"राहू दे," ते म्हणाले. "खराब होईल."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मेजरांनी डोळे पुसले, शाल-श्रीफळ दिले आणि वैशंपायनांना तहहयात सदस्य करून टाकले. असा सदस्य क्लबाला परवडण्यासारखाच होता.

शाल पांघरून ते घरी आले तर हॉलमध्ये सोफा उघडा होता. प्लॅस्टिक घडी करून कोपऱ्यात ठेवले होते आणि सुचेताबाई चक्क मध्यभागी बसल्या होत्या.

"अगं, कोण येणार आहे?"

"कुणी नाही. तुम्ही आलात ना? या, बसा. आज तरी बसा माझ्याशेजारी."

वैशंपायनांनी खिशातून शिट्टी काढली आणि फुंकली.

सुचेताबाई उठल्या. दोघांनी मिळून प्लॅस्टिक पुन्हा चढवले आणि सतरंजीवर बसून शांतपणे चहा घेतला. कप अर्थातच रोजचे होते. चांगले शोकेसमध्ये होते.

हसताय? हसा. फक्त हे पुस्तक अर्धेच उघडून, मान वाकडी करून किती वेळ वाचणार आहात? पूर्ण उघडा की. पुस्तकाच्या पाठीला घडी पडेल, एवढेच ना?