अठरावी गोळी

माझ्याकडून गोळी चुकणं अशक्य आहे, असं मी परवापर्यंत छातीठोकपणे सांगत असे. फिट येऊ नये म्हणून रोज सकाळी आठला एक. एक तारखेला तीस आणायच्या, आठवड्याच्या सात खणांच्या डबीत भरायच्या. खण रिकामा म्हणजे गोळी पोटात. दादा मला थर्मामीटर म्हणतो, ते उगाच नाही!

अकरा महिन्यांत फिट आली नव्हती. वर्ष पूर्ण झालं की मला पुन्हा पोहू द्यायचं का, ते डॉक्टरीणबाई ठरवणार होत्या. त्यामुळे मी झोपेतच पोहत असे. हिरवट, कोमट पाणी, वरून गाळून येणारं ऊन आणि कापसासारखी तरंगणारी मी.

बारा तारखेला मी पाण्याखालीच गोळी घेतली. जिभेवर ती मासोळीसारखी सुळकन फिरली. मग जाग आली आणि खिडकीतल्या उन्हात बसून खरी घेतली. की तेही स्वप्नच? नऊला डबी उघडली, तर आजचा खण भरलेला.

गोळी उचलली आणि हात थबकला. तोंडात कडवट चव होती. स्वप्नाला चव असते का, हे आम्हाला कॉलेजच्या प्रयोगशाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

दवाखान्यात फोन लावला.

"अंदाजाने दुसरी घेऊ नकोस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आधी उरलेल्या मोज."

अठरा उरल्या तर आजची घेतली, एकोणीस उरल्या तर राहिली. डबी आणि पाकीट टेबलावर रिकामं केलं. भरल्या चौदा. म्हणजे बारा दिवसांत सोळा! माझी खुर्ची होडीसारखी डोलू लागली.

आई म्हणाली, डबी कशाला बघतेस, रिकामा खण दिसला की मीच भरते, ओकंबोकं बघवत नाही. आजचा कधी भरला, ते तिला आठवेना. डबी साक्षीदार म्हणून बाद.

मग तिने हळूच पर्समधून एक गोळी काढली. बाहेर अडलं-नडलं तर असावी म्हणून. बाबांच्या चष्म्याच्या घरात एक निघाली. दादाच्या हेल्मेटच्या अस्तरात एक. माझ्या आजारावर घरभर एवढं प्रेम दडलं होतं, आणि त्या प्रेमाने माझं गणित पार बुडवलं होतं.

सतरा. म्हणजे मी एक जास्त गिळली होती. पुन्हा फोन.

"चक्कर येतेय? एकाचे दोन दिसताहेत?"

"नाही. घरातले तिघे तिघेच दिसताहेत."

"आणखी कुणी लपवलीय का?"

या घरात शिस्त फक्त मलाच आहे, असं मी त्यांना ठणकावून सांगत होते. तेवढ्यात बाबांनी खुंटीवरचा माझा पांढरा कोट आणला आणि त्याचा खिसा टेबलावर उलटा केला. टप्.

प्रयोग लांबला तर असावी, म्हणून ती मीच ठेवली होती.

अठरा. आजची पोटात होती.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, उद्या आठला नेहमीचीच एक, गोळ्या पाकिटात आणि डबीतच, कुठे लपवायच्या नाहीत, आणि डबीला हात एकाचाच.

"कुणाचा?" दादाने फोनशी तोंड नेऊन विचारलं.

त्या म्हणाल्या, "वडिलांचा."

हल्ली मी स्वप्नात पोहते तेव्हा काठावर बाबा डबी घेऊन उभे असतात, आणि मी पाण्याबाहेर डोकं काढलं की शांतपणे म्हणतात, "तोंड उघड."