संपतरावांची टाकी

संपतराव खासबागे मातीच्या कुंडीत काडीने काही घोटत असले, की त्यांच्याशी बोलायची सोय नव्हती. फुलबाजारातला व्यापारी येवो, पटवारी येवो, नाहीतर सख्खा मामा येवो. सगळ्यांना पाठमोऱ्या संपतरावांकडून एकच वाक्य मिळायचं. "बोलू नोका, जमून राहिलं!"

जमत होतं ते विमान. म्हणजे विमानाची टाकी. आणखी खरं सांगायचं तर टाकीच्या सांध्यांत भरायचं लुकण.

अमरावतीत तेव्हा विमान कुणी धड पाहिलेलंही नव्हतं. वर घरघर झाली की आमची शाळा वर्ग सोडून अंगणात यायची, आणि हेडमास्तर सगळ्यांत पुढे असायचे. अशा दिवसांत शेवंती आणि झेंडू पिकवणाऱ्या एका माळ्याने आपल्या मळ्यातल्या छपरीत विमान बांधायला घेतलं. मी शाळेत ड्रॉइंग शिकवायचो आणि मळ्याला लागूनच भाड्याने राहायचो. एका विलायती मासिकात घरच्या घरी विमान करायची कृती आली होती, ती मी त्यांना मराठीतून वाचून दाखवली. माझा वाटा एवढाच. बाकी मेळघाटातलं शिवणीचं लाकूड, पंखांवर ताणलेलं मांजरपाट आणि कुठल्याशा साहेबाच्या मोडक्या फटफटीचं इंजिन, हे सगळं त्यांचं.

"पण चालवायला कोण शिकवणार?" मी विचारलं.

"बैल हाकलतो, फटफटी चालवतो. आता काय राह्यलं?" ते म्हणाले.

अडलं ते टाकीपाशी. पत्र्याची टाकी झाळून आणली, पाणी भरलं, थेंब गळेना. पेट्रोल भरलं, आणि खाली ओल.

"मास्तर, पाणी गरीब जनावर हाये. जथी बांधलं तथी राह्यते. पेट्रोल नाई राहत बाप्पा!"

मग लुकण आलं. मुरदाडशिंगाची पिवळी पूड ग्लिसरिनात घोटायची की दगडासारखी घट्ट होते आणि पेट्रोललाही दाद देत नाही, असं त्यांना अकोल्याच्या एका मेकॅनिकने सांगितलं होतं. पण ही पूड विषारी, आणि ग्लिसरीन हवेतलं पाणी पिणारं. म्हणून पूड लोणच्याच्या बरणीत, मेणाने तोंड बंद करून, छपरीच्या कोनाड्यात कुलपात. ग्लिसरिनची बाटली मळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला, मोटेच्या विहिरीजवळ गार वाळूत पुरलेली. दोन्ही एकाच फळीवर का ठेवत नाही, असं मी एकदा विचारून बसलो.

"नवरदेव-नवरी हायेत मास्तर. मुहूर्ताच्या आधी एका घरात ठेवत असतात का?"

मुहूर्त लागायचा स्वयंपाकाच्या वेळेला. कारण एकदा घोटलं की ते आवळायला लागतं, आणि संपतरावांचा घड्याळावर विश्वास नव्हता. छपरीच्या भिंतीपलीकडेच त्यांच्या काशीबाईंची चूल. ते ओरडायचे, "टाक वं!" आणि पहिली भाकर तव्यावर पडायची. थंडीत चार भाकरी होईपर्यंत लुकण हाताला ऐकायचं, चैत्रात दोनच. तेवढ्यात बोटभर सांधा भरून व्हायचा, उरलेलं खड्ड्यात पुरायचं आणि राखेने हात घासून मगच माणसाशी बोलायचं. मी दाराशी उभा राहून बघायचो. आमच्या शाळेत देवपूजासुद्धा इतक्या सोवळ्याने होत नव्हती.

गाव हसायचं. मलाही आधी हसू यायचं. मग एके दिवशी त्यांनी विमान कशासाठी ते सांगितलं, आणि माझं हसू जे गेलं ते गेलंच.

काशीबाईंचं माहेर हिवरखेड, तिकडे अकोल्याच्या वर. तिथे मेव्हण्याच्या लग्नात पंगत बसली आणि वाढप्याने तुपाची तांबली धाकट्या जावयाच्या पानावर आधी वाकवली. थोरले जावई संपतराव ताडकन उठले. तिथल्या तिथे बेलभंडार उचलून शपथेवर म्हणाले, "या गावात मी पाय ठेवणार नाई, आन बायकोचाही पडू देणार नाई!" बडनेरा येईपर्यंत राग उतरला. पण बेलभंडार काही उतरत नाही. तो मोडला तर बायकोच्या जिवावर येईल, या भीतीने ते कधी त्या वाटेला गेले नाहीत. सासू तरी यावी, तर मुलीला मूल झाल्याशिवाय तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, अशी रीत. आणि यांना मूलबाळ नव्हतं. मायलेकींची भेट तुपाच्या एका धारेने थांबली होती.

"शपथ पायाची हाये मास्तर, डोयाची नाई," संपतराव म्हणाले. "मागच्या बैठकीत काशीले बसवतो. हिवरखेडवर दोन चकरा मारतो. तिची माय आंगनात येईन. दोघी पाहून घेतीन एकमेकीले. खाली उतराचंच नाई."

माणसं शपथ मोडतात, पळवाट काढतात, भटजीला विचारून प्रायश्चित्त घेतात. हा माणूस विमान बांधत होता. मी त्यांच्याहून चार बुकं जास्त शिकलेला, पण त्या क्षणी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

त्यानंतर शाळेतला टीपकागद मीच पुरवू लागलो. टाकीखाली तो अंथरायचा आणि सकाळी किती भिजला ते बघायचं. बघायचे मात्र ते एकटेच, उजाडायच्या आत. मग काशीबाई विहिरीवर जाता जाता विचारायच्या, "आज?" आणि छपरीतून उत्तर यायचं, "दोन थेंब कमी!"

एका सकाळी ते शेवटच्या सांध्यावर वाकले होते. पलीकडे भाकर थापल्याचा आवाज येत होता. इतक्यात मळ्याच्या फाटकाशी टांगा थांबला आणि एक वाळकी म्हातारी गाठोडं घेऊन उतरली. घराकडे न वळता थेट छपरीत आली.

"बोलू नोका, जमून राहिलं!" संपतराव मागे न बघता म्हणाले.

म्हातारीने गाठोडं खाली टेकवलं. भाकरीचा आवाज थांबला. काशीबाई पिठाच्या हातांनी दारात आल्या, आणि त्यांच्या तोंडून फक्त "माय!" एवढंच निघालं.

संपतराव वळले.

"जवाई," म्हातारी म्हणाली, "बाजारात आयकलं का तुमी आभायातून येऊन राहिले. पडसान, मरसान, आन मायी पोरगी उघडी पडन. तुमी नोका येऊ. बेलभंडार तुमी उचलला, म्या कोठी उचलला?"

काशीबाई धावत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि आईपुढे येऊन थबकल्या. रीत आठवली. तांब्या हातात, आई समोर, आणि दोघींच्या डोळ्यांना धार.

म्हातारीने विमानाकडे पाहिलं. "हिले कोठी बसवनार होते?"

संपतरावांनी मागची बैठक दाखवली. म्हातारीने त्यांच्या खांद्यावर हात टाकला, लुगडं सावरलं आणि चढून त्यात ऐसपैस बसली.

"हे काई तुयं घर नोहे," ती लेकीला म्हणाली. "आन पानी."

ती गटागटा प्यायली. मग काशीबाई भाकर घेऊन आल्या आणि पंखाला टेकून आईला घास भरवू लागल्या. हिवरखेडची कोण गेली, कोणाला नातू झाला, कोणाची म्हैस व्याली, सगळं विमानात बसून सांगून झालं.

संपतराव चाकापाशी खाली बसले होते. कुंडीतलं लुकण काडीसकट दगड झालं होतं आणि त्यांचं तिकडे लक्षही नव्हतं.

"आता घाई नाही," मी म्हणालो. "टाकी सावकाश होऊ द्या."

त्यांनी माझा हात धरून खाली ओढला आणि आवाज अगदी लहान केला. "नाई होत मास्तर. पहिल्या दिवशी जेवढी गळे, तेवढीच गळते. रोज कागद ओलाचिंब. पन काशी सकाळी ईचारे, म्या म्हनो दोन थेंब कमी, आन थे दिवसभर गानं म्हने. कोन्या तोंडानं सांगतो?"