हळद खाणारी गाडी

आमच्या शेजारचे तात्या आपल्या गाडीला हळद खाऊ घालतात. गाडीला हार घालणारे तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. पण बॉनेट उघडून, रेडिएटरचं झाकण काढून चमच्यानं हळद भरवणारा अख्ख्या नगर जिल्ह्यात हा एकच. रेडिएटर गळतो आणि हळदीनं भोक बुजतं, असं कुणा ट्रकवाल्यानं त्यांना सांगितलं होतं. तो चिमूटभर म्हणाला होता. तात्यांनी दोन वर्षांत पोतंभर जिरवली.

गाडी म्हणजे लाल, दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार. इतकी बुटकी, की शेजारी शेळी उभी राहिली तर तात्यांना मान वर करून तिच्याशी बोलावं लागतं. श्रीगोंद्याकडं साखर कारखान्याच्या बॉयलरवर जन्म काढून माणूस निवृत्त झाला आणि नातवंडं खेळवायच्या वयात हे खेळणं घेऊन आला. बोलणं अजून बॉयलरचंच. मी जरा चिडलो की म्हणणार, "गुरुजी, प्रेशर चढलंय. व्हॉल्व्ह सोडा!"

मागच्या उन्हाळ्यात घोडेगावला, नेमकी बाजाराच्या दिवशी, गाडी उकळली. वाफेबरोबर पिठल्याचा असा वास सुटला, की शपथेवर सांगतो, दोन व्यापारी भाकरी घेऊन धावत आले. तात्यांच्या पत्नी शांताकाकू मात्र तासभर म्हशींच्या गर्दीत उन्हात उभ्या होत्या. "पुन्यांदा या डबड्यात बसले तर नावाची शांता न्हाई," त्या म्हणाल्या.

पुढं काकूंना नागीण झाली. फोड गेले, आग राहिली. तीन महिने डोळ्याला डोळा नाही. एक दिवस म्हणाल्या, "बेलापूरला धाकट्या बहिणीकडं जावंसं वाटतंय. पर एस्टीचे धक्के न्हाई सोसायचे." दुसऱ्याच्या गाडीत बसायला त्या तयार नव्हत्या. तात्यांनी चहा अर्धा टाकला आणि गाडी बाबू मिस्त्रीकडं नेली.

बाबूनं रेडिएटर उतरवून उलटा केला. आतून पिवळा लगदा बाहेर आला.

"तात्या, ह्यात पानी फिरवत हुता का वरन?"

"लई शाना हायेस. नवा बसव."

नवा कुठला मिळायला? ही गाडी बनायची बंद होऊन जमाना झाला. शेवटी बाबूनं दुसऱ्याच एका गाडीचा रेडिएटर पट्ट्या वेल्ड करून बसवला. तात्या तीन दिवस तिथंच ठाण मांडून. "अजून एक आटा पिळ," करत त्यांनी बाबूला पिळून काढला. झाकण उघडं ठेवून, बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालवलं. वरचा पाईप, खालचा पाईप वैद्यासारखे चाचपले. पंखा आपोआप सुरू झाला तेव्हा त्यांनी बाबूला मिठी मारली. बाबूच्या म्हणण्याप्रमाणे दोन बरगड्या अजून दुखतात.

"आन् उकळली तर?" काकूंनी विचारलं.

"तर गुरुजी मागून फटफटीवर हायेतच की!"

ही बातमी मला तिथंच कळली.

निघालो. पुढं लाल गाडी, मागं पाण्याचे दोन कॅन लटकवलेला मी. राहुरी गेलं. वाफ नाही. माझाही जीव भांड्यात पडला. बेलापुरात काकूंची बहीण दारातच उभी होती. तात्या तिच्यासमोरून सरळ पुढं निघून गेले.

ब्रेक गेले! मी बोंब मारत फटफटी दामटली. गावाबाहेर उसाच्या कडेला गाडी गाठली. बैलगाडीच्या चालीनं चालली होती. खिडकीशी जाऊन मी तोंड उघडणार, तोच तात्यांनी ओठावर बोट ठेवलं.

शेजारी काकू गाढ झोपल्या होत्या. मान कलती, तोंड किंचित उघडं.

"थांबलो की जागी व्हईल," तात्या कुजबुजले. "मेव्हणीला सांगा, चा टाकू नको आत्ताच."

"अहो, पण किती वेळ?"

"अर्धी टाकी हाय अजून," ते म्हणाले, आणि खड्डा चुकवत पुढच्या गावाच्या रस्त्याला लागले.