चार बोटांची चूक

लालबागच्या बैठ्या चाळीत कुशाबाच्या खोलीपुढे चुना-सुरखीच्या चार पायऱ्या होत्या. वरच्या तीन सारख्या, पहिली मात्र चार बोटं बुटकी. तिथं हमखास पाय चुके. त्याच्या बायकोनं, अंबिकेनं, त्या पायरीवर दोन घागरी फोडल्या होत्या, आणि गेल्या खेपेला तिची आई काशीबाई आपटली ती आठ दिवस अंथरुणाला खिळली. कोकणात परतल्यावर तिनं जावयाच्या घराची कीर्ती गावभर केली. आता तिचं पत्र आलं होतं : पुढच्या रविवारी येते.

गवंडी मिळेना. सगळे नव्या गिरणीच्या बांधकामावर.

"मीच करतंय," कुशाबा म्हणाला. "एका पायरीचा काम!"

"तुमी गिरणीत कापडाचे साचे चालवतास," अंबिका म्हणाली. "चुनो कधी कालवलास?"

त्यानं कालवला. सासू यायच्या आधीच्या रविवारी दुपारपर्यंत पहिली पायरी चार बोटं चढली आणि कुशाबा कंबर धरून कौतुकानं बघत राहिला. तेवढ्यात शेजारची पुतळाबाई कोळीण टोपली घेऊन आली.

"काय रं, आता दुसरी बुटकी झाली की!"

झाली होती. खालची वर आल्यावर मधलं अंतर कमी होणारच. मग दुसरी चढवली, तर तिसरी बुटकी. सोमवारी गिरणीतून सुटल्यावर तिसरी, मंगळवारी चौथी. चौथी पुरी झाली तेव्हा ती उंबरठ्याच्या चार बोटं वर गेली होती.

"म्हणजे आता चढून परत घरात उतराचा?" अंबिकेनं विचारलं.

कुशाबा हातातला चुना झटकत खाली बसला.

त्यात चुना ओला. त्यावर पाय ठेवायची सोय नाही. मग घरातली सगळी ये-जा मागच्या दारानं, पुतळाबाईच्या अंगणातून, वाळत घातलेल्या बोंबलांखालून सुरू झाली. वाकून वाकून कुशाबाची कंबर धरली. गिरणीत शेजारच्या साच्यावरचा सोबती बोंबलांच्या वासानं नाकाला धोतर लावून दोन हात लांब सरकला. बुधवारी अंबिकेनं अंगण धुतलं आणि चौथ्या पायरीवर उडालेलं पाणी उलटं घरात शिरलं. शुक्रवारी कुशाबानं निमूटपणे छिन्नी घेतली आणि चौथी पायरी फोडायला बसला.

रविवारी सकाळी काशीबाई आगबोटीनं आली, तेव्हा जावई चुन्यानं पांढरा होऊन पायरीवर बसला होता. समोर फुटलेली ढेपळं. त्यानं उठून पदर सावरणाऱ्या सासूला नमस्कार केला आणि आता काय ऐकावं लागतंय म्हणून मान खाली घातली.

काशीबाईनं पायऱ्या पाहिल्या. मग खाली वाकून तिनं पहिल्या पायरीच्या कडेची माती बोटानं उकरली. चार बोटं खाली जुन्या पायरीच्या तळाची सुबक कड निघाली.

"जावयबापू," ती हळूच म्हणाली, "पायरी बुटकी नव्हतीच. रस्त्याची माती वर इली हा."

कुशाबा त्या कडेकडे बघत राहिला. सहा दिवस, तीन पाट्या चुना आणि एक कंबर. हसावं की रडावं ठरवण्याइतकीही ताकद त्याच्यात उरली नव्हती.

"आता?"

"आता फावडा हाडा. आणि ह्या कोणाक सांगाचा नाय. माका आधी जावयाची अब्रू सांभाळूक होई."

कुशाबानं फावडं आणलं. दुपारपर्यंत दोघांनी नवा चुना खरवडून काढला, पुढची माती उपसली. चारही पायऱ्या सारख्या झाल्या, अगदी मूळच्या होत्या तशा. काशीबाई वरून खाली चालून आली, खालून वर गेली आणि वरच्या पायरीवर उभी राहून सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आमच्या जावयान पायऱ्यो केल्यान, गवंड्याक जमाच्यो नाय!"

इतक्या वर्षांत सासूच्या तोंडून निघालेला हा पहिला चांगला शब्द. कुशाबाला गहिवरून आलं. तो भिंतीला टेकून डोळे मिटणार, तोच पुतळाबाई आली. तिच्या मागे चाळीतल्या आणखी अकरा बायका.

"कुशाबा," ती म्हणाली, "आमच्या पण पहिल्या पायऱ्या बुटक्याच, त्या करून दे रं. पुढच्या रविवारी माज्यापासून सुरुवात कर."

कुशाबानं सासूकडे पाहिलं. सासूनं ओठ घट्ट मिटले होते.

"बरा," तो म्हणाला.